दीपगृह वाचवायचं तर दार उघडं ठेवा

न्यूयॉर्कमध्ये १८१व्या रस्त्याच्या भुयारी स्टेशनातून वर आलं की हडसन नदी आता समोरच दिसेल असं वाटतं. प्रत्यक्षात तिच्यापर्यंत पोचायला बराच उतार उतरावा लागतो. आधी महामार्गावरचा पादचारी पूल, मग झाडीतून वळत जाणारी वाट, मग रेल्वेचे रूळ, आणि शेवटी पाणी. तिथं, जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या पोलादी मनोऱ्याच्या पायाशी, लाल रंगाचं एक लोखंडी दीपगृह उभं आहे. त्याची उंची ४० फूट. शेजारचा मनोरा ६०० फुटांचा. दोन्ही एकाच नजरेत मावत नाहीत. एक पाहायचं तर मान खाली घ्यावी लागते, दुसरं पाहायचं तर पार मागे टाकावी लागते.

माझी बहीण नदीपलीकडे न्यू जर्सीत राहते. तिच्याकडे गेलो असताना ऑक्टोबरातल्या एका शनिवारी हे दीपगृह आतून पाहायला मिळालं. वर्षातल्या मोजक्याच दिवशी ते उघडतं. शहराच्या उद्यान खात्याचे रेंजर किल्ली घेऊन येतात, दार उघडतात, आणि थोड्याथोड्या लोकांना आत सोडतात, कारण आत जागाच तेवढी आहे. रांगेत निम्मी तरी लहान मुलं होती. गोल लोखंडी जिना चढून वर गेलो, वरच्या अरुंद पायऱ्यांवर अंग चोरून उभा राहिलो. बाहेर नदी, डोक्यावर पुलावरून धावणाऱ्या गाड्यांची न थांबणारी घरघर. उतरताना कठड्याचं थंड लोखंड तळहाताला लागलं आणि मला जयगड आठवलं. शास्त्री नदी जिथं समुद्राला मिळते तिथलं, १९३२ सालचं लोखंडी दीपगृह. शाळकरी वयात मामाचा हात धरून तिथल्या पायऱ्या मोजत चढलो होतो. किती पायऱ्या होत्या ते आता आठवत नाही. मोजल्या होत्या हे आठवतं.

त्या दिवसापासून एक प्रश्न मनात आहे, आणि तो न्यूयॉर्कपुरता नाही. ज्या सार्वजनिक वास्तूचं मूळ काम संपलं आहे, जी फार मोठी नाही, फार जुनी नाही, जिथं कुणी राजा राहिला नाही की लढाई झाली नाही, तिच्यावर लोकांचा पैसा खर्च करावा का? माझं उत्तर ‘हो’ आहे. पण त्याला माझी एक अट आहे: लोकांना आत जाता आलं पाहिजे. कुलूपबंद ठेवून केलेलं जतन हे जतन नव्हे, ती फक्त लांबणीवर टाकलेली पडझड आहे. हे मी कशाच्या आधारावर म्हणतो ते सांगायला त्या लाल दीपगृहाची गोष्ट नीट सांगावी लागेल, कारण ती नेहमी अर्धीच सांगितली जाते.

कोकणातल्या माणसाला हडसन लगेच कळते. तिला नदी म्हणतात, पण खालच्या अंगाला ती खरं तर खाडी आहे. समुद्राची भरती तिच्यात दीडशे मैल आत, थेट ट्रॉय गावापर्यंत चढते. तिथल्या मूळ रहिवाशांनी तिला दिलेल्या नावाचा अर्थच दोन्ही दिशांना वाहणारी असा आहे. अशा पाण्यात गाळ सरकतो, धुकं उतरतं, वळणावरचे खडक भरतीत दिसेनासे होतात. १८०७ साली रॉबर्ट फुल्टनची वाफेची बोट न्यूयॉर्कहून ऑल्बनीला गेली, १८२५ साली ईरी कालवा खुला झाला, आणि देशाच्या आतल्या भागाचं धान्य आणि लाकूड या एका नदीतून समुद्राकडे वाहू लागलं. लगेच पुढच्या वर्षी, १८२६ साली, स्टोनी पॉइंटला दीपगृह उभं राहिलं. हडसनवरचं आज उभं असलेलं सगळ्यात जुनं दीपगृह ते. नंतर एकामागून एक दिवे लागत गेले. एके काळी या नदीवर डझनाहून अधिक दीपगृहं होती. आज सात उरली आहेत.

लाल दीपगृह जिथं आहे त्या टोकाला जेफ्रीज हुक म्हणतात. मॅनहॅटन बेटाचा हा खडक नदीत पुढे आला आहे. इथं सुरुवातीला दीपगृह नव्हतंच. १८८९ साली एक लाल खांब रोवून त्यावर दोन कंदील टांगले होते, प्रत्येकी दहा मेणबत्त्यांच्या ताकदीचे. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी मचव्यांसाठी कंदील टांगत असत, तसाच प्रकार. आज दिसतं ते दीपगृह मुळात इथलं नाही. ते १८८० साली न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी, न्यू जर्सीच्या सँडी हुक नावाच्या वाळूच्या दांड्यावर उभारलं होतं. १९१७ साली तिथली गरज संपली. लोखंडी पत्र्यांचा मनोरा असल्यामुळे तो सुटा करता येत होता. तो उचलून १९२१ साली जेफ्रीज हुकवर आणून जोडला. लाल लुकलुकता दिवा बसवला, धुक्यासाठी घंटा बसवली, अर्धवेळ राखणदार नेमला. म्हणजे हे दीपगृह इथं आलं तेच दुसऱ्यांदा कामाला लागायला. टाकून न देता दुसरीकडे लावणं हा सरकारी काटकसरीचा शहाणा निर्णय होता, आणि त्या निर्णयाला कुणी वारसा वगैरे नाव दिलं नव्हतं.

सहाच वर्षांत, १९२७ साली, नेमक्या त्याच्या डोक्यावर पुलाचं काम सुरू झालं. ऑथमार अम्मान या अभियंत्याचा हा झुलता पूल १९३१ च्या ऑक्टोबरात खुला झाला तेव्हा त्याचा मधला गाळा ३,५०० फुटांचा होता, जगातला सगळ्यात लांब. पुलावर दिव्यांच्या रांगा लागल्या. त्या उजेडात खालच्या लहान लाल दिव्याकडे कोण पाहणार? तो तरीही आणखी काही वर्षं तेवत राहिला. १९३९ साली दीपगृहांचं खातं तटरक्षक दलात विलीन झालं आणि १९४८ साली तटरक्षक दलाने हा दिवा विझवला.

मधे १९४२ साली हिल्डगार्ड स्विफ्ट यांनी लिहिलेलं आणि लिंड वॉर्ड यांनी चित्रं काढलेलं मुलांचं एक पुस्तक आलं होतं. त्याचा नायक हेच दीपगृह. आपल्या कामाचा त्याला अभिमान असतो. मग शेजारी अवाढव्य करडा पूल उभा राहतो, आणि आता आपली कुणाला गरज नाही असं दीपगृहाला वाटू लागतं. एका धुक्याच्या रात्री एक बोट खडकावर आदळते, तेव्हा कळतं की पुलाचे दिवे वर आहेत. पाण्यावरच्या बोटींना खालचाच दिवा लागतो. अमेरिकेतली मुलं हे पुस्तक वाचत मोठी झाली. १९५१ साली तटरक्षक दलाने दीपगृह लिलावात काढायचं ठरवलं तेव्हा मुलांनी पत्रं लिहिली, पालक बोलले, वर्तमानपत्रांनी विषय उचलला. लिलाव थांबला. २३ जुलै १९५१ रोजी दीपगृह न्यूयॉर्क शहराच्या उद्यान खात्याच्या हवाली झालं.

गोष्ट इथं संपवायचा मोह सगळ्यांना होतो. मुलांनी दीपगृह वाचवलं, टाळ्या. मलाही ती आवडते. पण तिच्यात दोन गोष्टी राहून जातात आणि माझं म्हणणं त्या दोन गोष्टींवरच उभं आहे.

पहिली अशी की पुस्तकातलं सांगणं खरं ठरलं नाही. पुस्तक म्हणतं, लहान दिव्याची अजून गरज आहे. तटरक्षक दलाने सहा वर्षांनी दाखवून दिलं की नाही. बोटी त्या दिव्याशिवाय बिनधोक जात राहिल्या. म्हणजे मुलांनी ज्या कारणासाठी दीपगृह मागितलं ते कारण व्यवहारात उरलंच नव्हतं, आणि तरीही ते देण्यात शहराने चूक केली असं आज कुणी म्हणत नाही. याचा अर्थ उपयोगाच्या मोजमापाबाहेरही काही तरी आहे जे सार्वजनिक मालमत्तेला राखण्याजोगं ठरवतं. आपण वारसा जपण्याच्या बाजूने बोलणारे लोक इथंच कच खातो. लगेच सांगू लागतो की पर्यटन वाढेल, रोजगार येईल, महसूल मिळेल. एकदा पैशाची भाषा स्वीकारली की हिशेब तोट्यात गेल्या दिवशी आपलं बोलणं खुंटतं. जेफ्रीज हुकच्या दीपगृहाने कुणाचा गल्ला भरला नाही. चाळीस फुटी मनोऱ्यात एका वेळी माणसं ती किती मावणार!

उपयोगाबाहेरचं हे जे काही आहे ते आपल्याला अनोळखी नाही. जेजुरीच्या गडावर, कितीतरी गावांत देवळापुढे, दगडी दीपमाळा आहेत. त्रिपुरी पौर्णिमेला त्यांच्यावर दिवे लागतात, बाकी वर्षभर त्या नुसत्या उभ्या असतात. दीपमाळेचा उपयोग काय असा प्रश्न कुणी विचारत नाही. का विचारत नाही? देवाची म्हणून, हे तर आहेच. पण ती अंगणात आहे, लोकांच्या येण्याजाण्यात आहे, पोरं तिच्या कोनाड्यांत पाय रोवून चढतात, म्हाताऱ्या तिच्या जोत्यावर टेकतात, हेही आहे. ती कुलपात असती तर दोन पिढ्यांत तिच्यावर पिंपळ उगवला असता. लाल दीपगृहाचा दिवाही २००२ साली पुन्हा लावण्यात आला. तो बोटींसाठी नाही हे लावणाऱ्यांना चांगलं माहीत होतं. मी त्याच्याकडे दीपमाळेकडे पाहावं तसं पाहिलं.

दुसरी राहून जाणारी गोष्ट १९५१ नंतरची आहे. लिलाव टळला, मालकी शहराकडे आली, आणि पुढची तीस-पस्तीस वर्षं दीपगृहाकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. ज्या रॉबर्ट मोझेस यांच्या उद्यान खात्याने ते ताब्यात घेतलं, त्याच मोझेस यांनी १९३० च्या दशकात वस्ती आणि नदी यांच्या मधून हेन्री हडसन महामार्ग नेला होता. नदीकाठी बाग होती, दीपगृह होतं, पण तिकडे जाणं अवघड करून ठेवलेलं. १९७९ साली ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत नाव लागलं. यादीत नाव लागल्याने गंज थांबत नाही. १९८६ साली शहराने २,०९,००० डॉलर खर्चून काँक्रीटचा पाया नव्याने बांधला आणि पोलादी दारं बसवली. १९९१ साली शहराच्या संरक्षित वास्तूंत समावेश झाला. २००० साली मूळच्या लाल रंगाचा हात दिला, आत नवी वीज घेतली. खरं पुनरुज्जीवन या काळातलं आहे. रेंजर लोकांना आत नेऊ लागले, दरवर्षी शरद ऋतूत दीपगृहाचा उत्सव भरू लागला, ते पुस्तक मुलांना तिथंच काठावर वाचून दाखवलं जाऊ लागलं, पोहणारे नदीतून दीपगृहापर्यंत पोहू लागले. मुलांच्या पत्रांनी त्याला विकलं जाण्यापासून वाचवलं. उघड्या दाराने त्याला विसरलं जाण्यापासून वाचवलं, आणि हे दुसरं काम जास्त चिवट होतं, कारण ते दरवर्षी पुन्हा करावं लागतं.

दीपगृहाला पूर्वी राखणदार असे. स्टोनी पॉइंटला नॅन्सी रोझ नावाच्या बाई होत्या. नवऱ्याच्या पश्चात त्यांनी दिवा सांभाळायला घेतला आणि १९०४ साली मरेपर्यंत, जवळजवळ अर्धशतक, सांभाळला. रोज तेल, वात, काचा पुसणं, धुक्यात घंटा. आपण त्यांची चिकाटी वाखाणतो, पण त्यांच्या असण्याचा आणखी एक फायदा होता जो चटकन लक्षात येत नाही: इमारतीवर रोज एका माणसाची नजर होती. कौल सरकलं, पत्र्याला भोक पडलं, कठड्याचा खिळा सैल झाला, तर त्याच दिवशी दिसत होतं. यंत्रं आली, राखणदार गेला, आणि ती नजर गेली. पन्नास रुपयांत होणारी डागडुजी वीस वर्षांनी पन्नास लाखांची होऊन समोर येते ती यामुळे. माझं म्हणणं असं आहे की येणारे-जाणारे लोक हीच आता राखणदाराची नजर आहे. पोराला घेऊन आलेली आई सांगते की तिसरी पायरी हलते. तिला ते सांगायला समोर माणूस लागतो, आणि ती आत आलेली असावी लागते.

याविरुद्ध जे बोललं जातं त्यात दम आहे, ते टाळून चालणार नाही. खर्चाचा मुद्दा सगळ्यात खरा. हडसनवरच वर, हडसन आणि अथेन्स या दोन गावांच्या मधे, ऐन नदीच्या पात्रात १८७४ सालचं एक देखणं विटांचं दीपगृह आहे. ते लाकडी खांबांवर उभं आहे. दीडशे वर्षं पाण्याखाली राहिलेले ते खांब आता मोठ्या जहाजांच्या लाटांनी उघडे पडत चालले आहेत. २०२४ साली अमेरिकेतल्या सर्वाधिक धोक्यातल्या ११ ऐतिहासिक स्थळांच्या यादीत त्याचं नाव आलं. त्याला सावरायला लाखो डॉलर लागतील, आणि तिथं पोचायचं तर होडीच हवी. सगळी दीपगृहं वाचवा असं मी म्हणू शकत नाही. शाळेचं छप्पर गळत असताना बिनकामाच्या मनोऱ्यावर पैसा का, असं कुणी विचारलं तर त्याला झिडकारण्याचा मला अधिकार नाही. मला निवड करायला सांगितली तर मी क्रम असा लावेन की जिथं माणूस चालत जाऊ शकतो ते आधी. शिल्प जास्त सुंदर, काळ जास्त जुना, या कसोट्या नंतरच्या. हडसन-अथेन्सचं दीपगृह वास्तू म्हणून जेफ्रीज हुकपेक्षा कितीतरी सरस आहे, आणि तरीही सार्वजनिक तिजोरीतला पहिला रुपया मी पायवाटेच्या टोकाला असलेल्या दीपगृहाला देईन. हे कठोर आहे याची मला जाणीव आहे. लोकवर्गणीतून आणि स्वयंसेवकांच्या कष्टातून पात्रातलं दीपगृह तगलं तर मला मनापासून आनंद होईल.

लोकवर्गणीतून हे होतं याचा दाखला त्याच नदीवर आहे. सॉगर्टीज गावचं १८६९ सालचं दीपगृह १९५४ नंतर माणसाविना पडून होतं. १९८० च्या दशकात गावातल्या लोकांनी संस्था काढून ते विकत घेतलं, दुरुस्त केलं, १९९० साली दिवा पुन्हा लावला. आज तिथं मुक्कामाच्या एक-दोन खोल्या आहेत आणि त्यांच्या भाड्यातून देखभालीला हातभार लागतो. अर्ध्या मैलाची पायवाट भरतीच्या वेळी पाण्याखाली जाते, त्यामुळे पाहुण्यांना ओहोटीची वेळ बघून यावं लागतं. मला या व्यवस्थेत एक गोष्ट फार आवडते: त्यांनी वाट उंच करून काँक्रीटची केली नाही. नदीची वेळ नदीकडेच राहू दिली. पैसे मिळवायला माझा विरोध नाही. मुक्कामाच्या खोलीमुळे बाकीच्या लोकांचं येणं थांबू नये, एवढंच.

पण एकदा खासगी घर झालं की ते थांबतं. अमेरिकेने २००० साली एक कायदा केला. सरकारला नको असलेली ऐतिहासिक दीपगृहं आधी संस्थांना आणि नगरपालिकांना फुकट देऊ करायची, अट अशी की ती जपावीत आणि लोकांना पाहू द्यावीत. कुणीच पुढे आलं नाही तर लिलाव. २०२३ साली सहा दीपगृहं अशी फुकट देऊ केली आणि चार लिलावात काढली. या कायद्याचा पहिला अर्धा भाग मला नमुनेदार वाटतो. दुसऱ्या अर्ध्याबद्दल मन साशंक आहे. लिलावात घेणारा माणूस पुष्कळदा फार प्रेमाने घेतो, रंग देतो, खिडक्या बसवतो. वास्तू टिकते, यात शंका नाही. पण ज्या जिन्यावरून शंभर वर्षं सरकारी चाकर चढले, ज्याला लोकांनी कर भरून उभं केलं, त्यावर आता एकाच कुटुंबाचे पाय पडणार. १९५१ साली जेफ्रीज हुकचा लिलाव झाला असता तर दीपगृह कदाचित आणखी चांगल्या स्थितीत असतं, कुणाच्या तरी परसात. मला ते नको आहे, आणि का नको ते त्या शनिवारच्या रांगेत मला कळलं.

आता आपल्याकडे. आपल्या किनाऱ्यावरची बहुतेक दीपगृहं अजून कामावर आहेत, हा मोठा फरक आहे. जीपीएस आलं तरी रात्री खाडीत शिरणारा तांडेल नजरेने दिवा शोधतोच. पण काम कमी होत जाणार आहे हे उघड आहे आणि सरकारनेही ते ओळखलं आहे. १९२७ चा दीपगृह कायदा जाऊन २०२१ साली नवा कायदा आला, त्यात वारसा दीपगृह ही वेगळी वर्गवारी केली आणि अशा दीपगृहांचा शिक्षण, संस्कृती, पर्यटन यांसाठी विकास करायची तरतूद ठेवली. २०२३ च्या सप्टेंबरात पहिला दीपगृह महोत्सव गोव्यात आग्वाद किल्ल्यावर झाला. जागा अचूक निवडली होती. मांडवीच्या मुखावरच्या त्या किल्ल्यात १८६४ सालचं जुनं पोर्तुगीज दीपगृह आहे. ते १९७६ पर्यंत काम करत होतं. २०२४ च्या फेब्रुवारीत दहा राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या ७५ दीपगृहांवर पर्यटकांसाठी केलेल्या सोयींचं लोकार्पण झालं. संग्रहालयं, खुले रंगमंच, मुलांच्या बागा, उपाहारगृहं. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावरचं दीपगृह राजीव गांधींच्या हत्येनंतर सुरक्षेच्या कारणावरून वर्षानुवर्षं बंद होतं, ते २०१३ साली उघडलं आणि लोकांनी गर्दी केली. म्हणजे दिशा बरोबर आहे. हे मी तक्रारीच्या सुरात म्हणत नाही, हा निर्णय खरोखर चांगला आहे.

मला काळजी वेगळ्या गोष्टीची आहे. सोयी दीपगृहाभोवती होतात आणि दीपगृह मागे राहतं. बाग, कारंजं, फोटोसाठी रंगीत अक्षरं, चहाची टपरी, गाड्यांचा तळ, आणि या सगळ्याच्या मधे मनोरा, ज्याचं दार बंद. काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका दीपगृहावर मी भाच्यांना घेऊन गेलो होतो. फलकावर लिहिलेल्या वेळेतच पोचलो होतो. दाराला कुलूप. ज्यांच्याकडे किल्ली ते साहेब तालुक्याला गेलेले. पोरं तासभर दगडावर बसून राहिली, मग वाळूत खेळायला गेली. त्यांच्यातल्या कुणालाही आज ते दीपगृह आठवत नाही. मी विचारून पाहिलं आहे. दुसऱ्या एका ठिकाणी याच्या नेमकं उलट घडलं होतं. तिथल्या कर्मचाऱ्याने नाममात्र तिकीट घेऊन आम्हाला वर नेलं, भिंगाच्या कडांत सूर्य कसा सात रंगांत फुटतो ते दाखवलं, दिवा किती सेकंदांनी लुकलुकतो आणि प्रत्येक दीपगृहाची ही लय वेगळी का ठेवतात ते समजावलं. खलाशी लय मोजून ओळखतो की हे जयगड की रत्नागिरी. हे सांगायला त्या गृहस्थांना कुठला रंगमंच लागला नव्हता. मुलं घरी येऊन टॉर्च घेऊन भिंतीवर लय काढत बसली.

मराठीत दीपस्तंभ हा शब्द आपण माणसांसाठीच जास्त वापरतो. शाळेच्या निरोपसमारंभापासून शोकसभेपर्यंत कुणी ना कुणी कुणासाठी तरी दीपस्तंभ असतो. खऱ्या दीपगृहात शिरलेला माणूस मात्र शंभरात एखादाच सापडेल, आणि हे सातशे किलोमीटरहून जास्त किनारा असलेल्या राज्यात. मुंबईतल्या मुलांना विचारावं, प्राँग्सचं नाव किती जणांना माहीत आहे? १८७५ पासून ते कुलाब्याच्या टोकाशी उभं आहे.

सुरक्षेचं कारण पुढे येईल. येऊ दे, ते खोटं नाही. २००८ नंतर आपल्या किनाऱ्याबद्दल कुणी निष्काळजीपणे बोलू नये. पण न्यूयॉर्कही सुरक्षेबाबत बेफिकीर शहर नाही, आणि तिथलं दीपगृह तर देशातल्या सगळ्यात वर्दळीच्या पुलांपैकी एकाच्या पायाशी आहे. त्यांनी काढलेला मार्ग साधा आहे. रोज उघडत नाहीत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, किल्ली हातात असलेल्या जबाबदार माणसाच्या सोबतीने, थोड्याथोड्या लोकांना. वर्षातले ते मोजके दिवस त्यांनी एक वास्तू जिवंत ठेवायला पुरवले आहेत. जिथं दिवा अजून कामावर आहे तिथं यंत्रापासून लोकांना चार हात लांब ठेवावं, जिना तरी चढू द्यावा.

म्हणून माझं मागणं ७५ दीपगृहांच्या बागांसाठी नाही. कोकणातल्या आणि गोव्यातल्या प्रत्येक दीपगृहाच्या फाटकावर मराठीत, कोकणीत एक फलक असावा: कोणते दिवस, कोणती वेळ, किल्ली कोणाकडे, तो नसेल तर दुसरा कोण. महिन्यातला एक दिवस आसपासच्या जिल्हा परिषद शाळांसाठी राखून ठेवावा, त्या दिवशी तिकीट नको. गावातल्या एखाद्या निवृत्त तांडेलाला किंवा शिक्षिकेला मानधन देऊन गोष्ट सांगायला बसवावं, कारण हडसनकाठचं दीपगृह उभं आहे ते आधी कुणीतरी त्याची गोष्ट सांगितली म्हणून, आणि आपल्याकडे खांदेरीपासून वेंगुर्ल्याच्या खडकांपर्यंत गोष्टींना तोटा नाही. पैसे उरले तर बाग करावी. मे महिन्यात मी पुन्हा जयगडला जाणार आहे. या वेळी पायऱ्या मोजून वहीत लिहून ठेवणार आहे.